‘खरा’ ड्रम कोणता? पहिला ड्रमसेट घेताना



मागच्या वेळी आपण ‘सवय आणि कौशल्य’ या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, हे सगळं ठीक आहे, पण माझ्या मुलाला ड्रम शिकायचेत. इलेक्ट्रॉनिक घेऊ की खरा घेऊ?” आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी याच प्रश्नावर बोलू. त्यांना बहुधा वाटलं असणार, सर टाळतायत. टाळत नव्हतो. त्या प्रश्नात एक शब्द असा होता की त्याच्यावर तासभर बोलता येईल. तो शब्द म्हणजे ‘खरा’.

आधी एक कबुली. आम्ही ड्रमवादक नाही. लहानपणी दोनेक वर्षं तबला शिकलो, तेवढीच आमची पुंजी. पण आमच्या घरात गेली पाच वर्षं ड्रम शिकणारी एक मुलगी आहे, आमची नात. स्टँड उचलणं, नट आवळणं, दुकानात तिच्यामागे उभं राहणं आणि शेजाऱ्यांची माफी मागणं ही कामं आमच्याकडे आहेत. त्यामुळे आज जे सांगणार आहोत त्यातलं निम्मं पुस्तकातलं आहे आणि निम्मं जिन्यातलं.

तर ‘खरा’. ज्याला आपण खरा ड्रमसेट म्हणतो, म्हणजे ॲकॉस्टिक, तो मुळात जोडजमव करून तयार झालेला आहे. पूर्वी बँडमध्ये मोठा ढोल एकजण वाजवायचा, छोटा ड्रम दुसरा, झांजा तिसरा. पायाने ढोल वाजवायची सोय झाली तेव्हा ही कामं एका माणसाकडे आली. विल्यम लुडविग यांनी 1909 मध्ये असं एक पेडल बाजारात आणलं, तेव्हापासून बसून वाजवणारा एकटा ड्रमर रुळला. पायाने मिटणाऱ्या-उघडणाऱ्या दोन झांजा, म्हणजे हाय-हॅट, 1920च्या दशकातल्या. ड्रमवरचं कातडं जाऊन प्लॅस्टिकची फिल्म आली ती 1950च्या दशकात. आपल्याकडे हे वाद्य आलं, रुजलं ते मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत, आणि त्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा. पुढे आपल्या मुंबईच्याच त्रिलोक गुर्टूंनी तर स्टूलच काढून टाकलं. ते जमिनीलगत बसून वाजवतात, तबला हाताशी, शेजारी पाण्याची बादली, त्यात बुडवायला घंटा. म्हणजे ‘खरा सेट’ म्हणून कुणी देवाने घडवून पाठवलेली वस्तू नाही. जे वाजवायला लागतं ते आणून जोडायचं, अशीच त्याची रीत.

आणि महाराष्ट्रात तर गंमत अशी, की गावोगावच्या कित्येक वादकांच्या हाताला इलेक्ट्रॉनिक ड्रम आधी लागला आणि ॲकॉस्टिक नंतर, किंवा लागलाच नाही. ऑक्टोपॅड! रोलँड कंपनीने हे आठ पॅडचं यंत्र 1985 साली काढलं. आज लग्नाची वरात, बेंजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, कुठेही जा, ऑक्टोपॅडवाला दिसणारच. त्याच्यावर घरं चालतात. त्या माणसाला ‘तुझं वाद्य खोटं’ असं आम्ही तरी म्हणणार नाही. मात्र ऑक्टोपॅड हातांचं वाद्य आहे. पायाचं काम त्यात बहुतेक वेळा नसतंच, आणि ड्रमसेट शिकणाऱ्याचा अर्धा घाम पायांसाठी गळतो. म्हणून ऑक्टोपॅड घेऊन ड्रम शिकू असा बेत असेल तर तो सोडून द्या.

आता असं बघा. वाद्य खरं की खोटं हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारू: शिकणारा कुणाकडून शिकतो? गुरुजी आठवड्यातून एक तास भेटतात. उरलेले सहा दिवस शिकवतं ते वाद्यच. तुम्ही मारता, ते उत्तर देतं. उत्तर आवडलं नाही की तुम्ही थोडं वेगळं मारता. या सवालजवाबातून हात तयार होतो. तेव्हा कोणतं वाद्य कोणत्या सवालाला जवाब देतं आणि कुठे गप्प बसतं, हे पाहायला हवं.

ॲकॉस्टिक स्नेअर घ्या. चौदा इंचाचा गोल, वर एक पडदा, खाली एक पडदा, आणि खालच्या पडद्याला टेकलेल्या बारीक तारा. मध्यावर मारलं तर आवाज भरीव, कडेला सरकलात की पातळ आणि लांबणारा. काठी पडद्याला आणि लोखंडी कडीला एकाच वेळी लागली तर कडाडतो. काठी आडवी टेकवून कडीवर मारली तर लाकडी टकटक. नखाएवढ्या उंचीवरून टाकलेली काठीसुद्धा तारांत कुजबुज उठवते. यातलं काहीही कुणी आधी ठरवून ठेवलेलं नाही. तुम्ही चुकीचं मारलंत तर चुकीचं ऐकू येतं. लपवायला जागाच नाही.

इलेक्ट्रॉनिकमध्ये काय होतं? पॅडखाली एक संवेदक असतो. धक्का बसला की तो थोडासा विद्युतदाब तयार करतो. मॉड्यूल नावाचा डबा तो मोजतो, जोराला एक आकडा देतो आणि त्या आकड्याला जुळणारा, आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज सोडतो. 1983 पासून चालत आलेल्या मिडी या पद्धतीत हा आकडा 1 ते 127 असतो. एकशे सत्तावीस पायऱ्या म्हणजे कमी नाहीत. पण स्वस्त मॉड्यूलमध्ये त्यामागे ध्वनिमुद्रित आवाज मोजकेच असतात, बाकी नुसता आवाज लहान-मोठा करून दिलेला असतो. म्हणून एकाच जोराने भराभर मारलं की मशीनगनसारखं ऐकू येतं. त्याचा तो. तोच तो. खऱ्या स्नेअरवर दोन आघात कधी हुबेहूब सारखे पडत नाहीत.

याचा अर्थ इलेक्ट्रॉनिक वाईट असा नाही. अर्थ एवढाच, की ते वाद्य ज्या सवालांची उत्तरं बनवणाऱ्याने आधी भरून ठेवली तेवढ्यांनाच उत्तर देतं. काठी कुठे पडली हे बहुतेक साध्या सेटना कळत नाही, फक्त किती जोरात पडली ते कळतं. उलट कधी पडली, हे ते फार चोख सांगतात. मेट्रोनोम त्यातच असतो, वाजवलेलं रेकॉर्ड करून ऐकता येतं, ठोका पुढे गेला की मागे राहिला हे काही सेटवर पडद्यावरच दिसतं. लयीचा कच्चेपणा ॲकॉस्टिकच्या दणदणाटात बुडून जातो. हेडफोनमध्ये तो उघडा पडतो. हा इलेक्ट्रॉनिकचा मोठा गुण, आणि ‘खऱ्या’चे भक्त तो सांगत नाहीत.

आता जिन्यातली गोष्ट सांगतो.

नात बारा वर्षांची असताना आम्ही मोठ्या थाटात पाच ड्रमचा ॲकॉस्टिक सेट घेतला. आजोबा तत्त्वज्ञानाचे, त्यांना ‘मूळ वस्तू’ हवी! बावीस इंचाचा किक, तिसरा मजला, आतली खोली. पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, आमच्याच वयाचे. रागावले नाहीत. अगदी नम्रपणे म्हणाले, “फर्निचरचं काम किती दिवस चालेल, म्हणजे तेवढे दिवस दुपारी भाचीकडे जाऊन झोपतो.” आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वेळ ठरली, संध्याकाळी पाच ते साडेपाच. मग किकमध्ये गोधडी कोंबली. मग परीक्षा आल्या, मग समोरच्या घरात तान्हं बाळ आलं. चौथ्या महिन्यात राईडच्या स्टँडवर नातीचा रेनकोट वाळत होता.

यात शेजाऱ्यांचं काही चुकलं नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. लहान खोलीत जोरात वाजवलेला ड्रमसेट शंभराच्या पुढे सहज जातो. आणि त्रास फक्त शेजाऱ्यांना नाही. कामाच्या जागी कान कसे जपावेत याचा अमेरिकेतला एक मानदंड सांगतो, की 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतील, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करायची. हिशेब करा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास, 100 ला पंधरा मिनिटं. म्हणजे रोज तासभर रियाज करणारं पोर कानांवरचं आच्छादन न घालता बसलं तर ते कान खर्च करतंय. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हेडफोनलाही हेच लागू, बरं का. इलेक्ट्रॉनिक घेतला म्हणून कान वाचले असं नाही, बटण किती फिरवलं त्यावर आहे.

तर शेवटी आम्ही तो सेट विकला आणि जुना इलेक्ट्रॉनिक घेतला. दोन वर्षं ती रोज, अक्षरशः रोज, चाळीस-पन्नास मिनिटं वाजवत होती. रात्री नऊ वाजतासुद्धा. हात सफाईदार झाला. आणि मग गॅदरिंग आलं.

स्टेजवर भाड्याने आणलेला ॲकॉस्टिक सेट. नात बसली, गाणं सुरू झालं, आणि गाणारी मुलगी कुणाला ऐकूच येईना. हाय-हॅट नुसता खणखणत होता. स्नेअरवर जे हलके, भुतासारखे ठोके ती घरी घालायची, ते मुख्य ठोक्यांइतकेच मोठे पडत होते. फ्लोअर टॉमवर काठी उसळेना, तिचे दुहेरी ठोके चिखलात रुतल्यासारखे. लय मात्र सुईसारखी सरळ! कार्यक्रमानंतर ती रडली. म्हणाली, “आजोबा, मला वाजवता येतच नाही.”

येत होतं. पण तीन गोष्टी तिला कुणी विचारल्याच नव्हत्या, आणि त्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली, तोल. इलेक्ट्रॉनिकमध्ये किक मोठा, हाय-हॅट लहान हे प्रमाण मॉड्यूल राखतं. ॲकॉस्टिकमध्ये ते प्रमाण चार हातापायांनी राखायचं असतं. उजवा हात हलका, डावा भारी, दोन्ही एकाच क्षणी. ही गोष्ट समजावून सांगून येत नाही, कान आणि मनगट यांच्यातच ठरते. दुसरी, उसळी. जाळीचे पॅड सगळे जवळपास सारखे आणि जरा जास्तच उसळतात. खऱ्या सेटवर स्नेअर ताठ असतो, फ्लोअर टॉम सैल, सिंबल झुलते. प्रत्येक जागी काठीला वेगळं वागवावं लागतं. ताशा वाजवणाऱ्याला आणि ढोल वाजवणाऱ्याला विचारा, दोघांची मनगटं निराळी. तिसरी गोष्ट साधी वाटते, पण तीच तिला सर्वांत नडली: सुरात लावणं. तबला शिकणारं पोर पहिल्या महिन्यात हातोडी बघतं. ॲकॉस्टिक ड्रमवर भोवतीचे सहा, आठ, दहा खिळे चावीने फिरवून पडदा सारखा ताणावा लागतो. इलेक्ट्रॉनिकवर वाढलेल्या मुलाला ड्रम ‘लावतात’ हेच ठाऊक नसतं. त्या दिवशीचा सेट बेसूर लागलेला होता आणि तिला ते कळलंही नाही, दुरुस्त करणं दूर.

फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी 1945च्या आपल्या ग्रंथात ऑर्गनवादकाचं एक उदाहरण दिलं आहे. अनुभवी वादक अनोळखी ऑर्गनवर, जिथे पट्ट्या आणि खुंट्या वेगळ्या मांडल्या आहेत, तासाभराच्या सरावाने कार्यक्रम करू शकतो. तो खुंट्यांच्या जागा पाठ करत नाही. बसतो, पाय फिरवतो, हात फिरवतो, वाद्य अंगाने मोजून घेतो. आम्ही हे उदाहरण वर्गात तीस वर्षं दिलं आणि एक गोष्ट कधी लक्षात घेतली नाही, ती नातीने दाखवली: तो वादक अनुभवी आहे. एका वाद्यावरून दुसऱ्यावर जायला आधी अंगात काहीतरी मुरलेलं लागतं. ज्याला तोल आणि उसळी येते तो इलेक्ट्रॉनिकवर एका संध्याकाळी बसतो. उलट दिशेचा प्रवास लांब आहे. अशक्य नाही, लांब आहे. नातीला तो सात-आठ महिने पुरला.

मग काय करायचं? आमचं मत स्पष्ट आहे. बंगला असेल, शेतातलं घर असेल, खाली-वर कुणी नसेल तर ॲकॉस्टिक घ्या, दुसरा विचार नको. फ्लॅट असेल तर इलेक्ट्रॉनिक घ्या, पण एकटा घेऊ नका. त्याच्यासोबत एक लाकडी किंवा धातूचा स्नेअर घ्या, एकच, जुना चालेल. त्याच्यावर दुपारी दहा मिनिटं हलक्या हाताने वाजवायचं, जोरात नाही, हलक्याच हाताने, कारण शिकायचं तेच आहे. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी तासावर भाड्याने मिळणाऱ्या रिहर्सलच्या खोलीत जाऊन पूर्ण सेटवर बसायचं. पुण्या-मुंबईत अशा खोल्या पुष्कळ आहेत. गावात नसतील तर बँडवाल्याला, चर्चला, कॉलेजला विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत.

काहीजण म्हणतील, ॲकॉस्टिकवरच जाळीचे पडदे आणि छिद्रांच्या सिंबल लावल्या तर? चांगली युक्ती आहे. आवाज खूप उतरतो, पाय आणि हात खऱ्या मापावर राहतात. सूर मात्र जातो, आणि मेट्रोनोम-रेकॉर्डिंगची सोय वेगळी करावी लागते. घरात ॲकॉस्टिक आधीच पडून असेल तर नक्की करा. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तो रेनकोट दुसरीकडे वाळला असता.

दुकानात काय बघायचं ते थोडक्यात. इलेक्ट्रॉनिकमध्ये निदान स्नेअर तरी जाळीचा हवा, रबराचा नको. किकला खरं पेडल लावता आलं पाहिजे. काही स्वस्त सेटमध्ये नुसता पायाखालचा खटका असतो, त्यावर पायाला काहीच शिकता येत नाही. पॅडवर अगदी हळू सुरू करून वाढवत वाढवत मारा आणि डोळे मिटून ऐका. आवाज पायरी-पायरीने उडी मारतोय की सरकत वाढतोय? उडी मारत असेल तर पुढच्या सेटकडे जा. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो, शंभर मिलिसेकंद आणि वरही. एक मीटरवरचा आवाज कानाला तीन मिलिसेकंदांत पोहोचतो, यावरून समजा की ब्लूटूथ लावून वाजवणं म्हणजे तीस-पस्तीस मीटर लांब ठेवलेला ड्रम वाजवण्यासारखं आहे.

आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे निःशब्द, हा गैरसमज सोडा. हवेतून आवाज फारसा जात नाही, पण किकचा धक्का जमिनीतून खाली जातो आणि खालच्या छताला ढब ढब ऐकू येतो. प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करतात, त्यावर सेट ठेवतात. आम्ही सुताराकडून करून घेतला. खालचे गृहस्थ आता विचारतात, मुलगी हल्ली वाजवत नाही का?

ॲकॉस्टिक घेणाऱ्यांनी एवढं बघा: किंमत सांगतात ती बऱ्याचदा फक्त ड्रमची असते, सिंबल, स्टँड आणि स्टूल वेगळे. पडदे फाटके असले तर घाबरू नका, ते बदलतात. ड्रमची कड चेपलेली किंवा वाकडी असेल तर सोडा. सिंबलला चीर असेल तर सोडा, ती वाढतच जाते. पितळी सिंबलपेक्षा काशाची घ्या. तांब्यात कथील मिसळलेली, आपले टाळ घडवतात त्याच घराण्यातली. पैसे कमी असतील तर ड्रम साधे घ्या आणि सिंबलवर खर्च करा. साधा ड्रम नीट लावून गोड करता येतो, वाईट सिंबल कशानेही सुधारत नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र 5A मापाच्या दोन काठ्या आणि एक सरावाचं रबरी पॅड. तीन महिने तेवढंच. उजवा-डावा, उजवा-उजवा-डावा-डावा, आणि पॅराडिडल, म्हणजे उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा. आणि तोंडाने म्हणत म्हणत, तबल्याची पढंत करतात तसं. तीन महिन्यांनी पोर स्वतःहून पॅड काढून बसत असेल तर सेट आणा.

वेळ होत आलीय. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून: मुलगी आठ वर्षांची आहे. लहान मुलांचे खेळण्यातले सेट मिळतात, ते सुरुवातीला चालतील का?)

खेळण्यातला नको. पेडल डगमगतं, काठी उसळत नाही, पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. सोळा-अठरा इंचाच्या किकचे लहान पण नीट बनवलेले सेट मिळतात. तिला स्टुलावर बसवा. पाऊल पूर्ण पेडलवर टेकलं पाहिजे आणि मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. तसं बसता येत नसेल तर वर्षभर पॅडच वाजवू द्या.

(श्रोत्यांतून: मी अडुसष्ट वर्षांचा आहे. माझ्यासाठी उशीर झाला का?)

तुम्ही आमच्याहून लहान आहात. आम्ही गेल्या दिवाळीपासून नातीच्या पॅडवर सकाळी वीस मिनिटं बसतो. तुम्ही इलेक्ट्रॉनिक घ्या, स्टूल पाठ टेकायला मिळेल असं घ्या. पहिला महिना किक आणि हाय-हॅट एवढेच, मेट्रोनोम मिनिटाला साठवर. गुडघा दुखत असेल तर पेडलची स्प्रिंग सैल करायची, ती पेडलच्या बाजूला असते.